मोबदला, भरपाई की मावेजा?

पंचगंगाकाठ:
कोल्हापूर-सांगली रस्त्यावरच्या चोकाक-अंकली पट्ट्यात रस्त्यात जाणाऱ्या जमिनीचा शेतकरी 'चौपट मोबदला' मागत आले. चुलत्यांना आलेल्या नोटिशीत मात्र 'भरपाई' आहे. परभणीचे दाजी म्हणतात 'मावेजा'. तिन्ही एकच का?

करवीरकर:
एकच कसे? मोबदला अरबी 'मुबादला'वरून आला, म्हणजे अदलाबदल. बदल, बदली ही त्याचीच भावंडं. अदलाबदलीला दोघं राजी लागतात. भरपाई म्हणजे भरून पावणं. नुकसान आधी झालेलंच असतं, तिथं तुमची राजीखुशी कोण विचारतंय! मावेजा हा आपल्या 'ऐवज' आणि 'ऐवजी'च्या गोतातला. मराठवाड्यात निजामी कारभाराची उर्दू मुरली म्हणून तिकडं टिकला.
2013 च्या भूसंपादन कायद्याच्या मराठी नावात 'उचित भरपाई' आहे, आणि तेच बरोबर. मोबदला म्हटलं की शेतकऱ्यानं हौसेनं जमीन विकली असं वाटतं.

वकिलीणबाई:
करवीरकरांच्या बाजूनं एक पुरावा. कायद्यात जमिनीच्या किमतीवर जादा 'दिलासा रक्कम' असते. 1894 च्या जुन्या कायद्यात ती कशाबद्दल, तर संपादन सक्तीचं आहे म्हणून, असं सरळ लिहिलं होतं. 1984 च्या दुरुस्तीनंतर ती 30 टक्के झाली, 2013 च्या कायद्यात 100 टक्के.
चौपटही त्यातूनच येतं. बाजारभाव 10 लाख, ग्रामीण भागाचा गुणांक 2 धरला तर 20, वर दिलासा 20, झाले 40. गुणांक 1 धरला की 20 वरच गाडी थांबली. गावात खरं भांडण असतं ते या गुणांकाचं.

पंचगंगाकाठ:
मग रस्ता बांधणाऱ्यालाच जमीन दिली तर? आपल्या कोल्हापूर शहरातल्या 49 किलोमीटर रस्त्यांच्या करारात टोल होताच, वर टेंबलाईवाडीचा भूखंड 99 वर्षांच्या पट्ट्यानं.

करवीरकर:
हा अस्सल मोबदला! दोघांनी सह्या केल्या. एकानं रस्ता द्यायचा, दुसऱ्यानं टोलचा हक्क आणि भूखंड. एन. डी. पाटील सरांच्या टोलविरोधी आंदोलनात तरी काय होतं? घेतलं किती आणि दिलं किती, हाच हिशेब. असा करार मध्येच मोडला तर ठेकेदाराला जे द्यावं लागतं, त्याला मात्र भरपाई म्हणा. बातम्यांत नेमकं उलटं छापतात, शेतकऱ्याला मोबदला आणि ठेकेदाराला भरपाई, तेही करार धडधडीत चालू असताना.

वकिलीणबाई:
कज्जाच्या कागदांत मी भरपाईच लिहिते. पक्षकार बोलताना मोबदलाच म्हणतात, मी दुरुस्त करत बसत नाही.

पंचगंगाकाठ:
आमच्या चुलत्यांचे 12 गुंठे चोकाक-अंकलीच्या रस्त्यात आहेत. परवा पासबुक भरून आणलं, चष्मा कपाळावर चढवून आकडा दोनदा वाचला आणि काकूंना म्हणाले, "रोडचं पैसं आल्यात." काकूंनी विचारलं, "आणि हीर?" विहिरीचे अजून आलेले नाहीत.