'पॅसिफिक पीपल्स'ला मराठीत काय म्हणावं?

रानजाई: न्यूझीलंडच्या २०२३च्या जनगणनेवर लिहितेय. त्यात 'पॅसिफिक पीपल्स' असा गट आहे, ४,४२,६३२ माणसं, म्हणजे लोकसंख्येच्या ८.९ टक्के. सामोआ, टोंगा, कुक बेटं, नियुए, टोकेलाऊ, फिजी अशा बेटांशी नातं सांगणारी. 'प्रशांत लोक' लिहिलं तर सोसायटीतले सगळे प्रशांत डोळ्यांपुढे येतात. 'पॅसिफिक स्थलांतरित' चालेल?

फुटपट्टी: अजिबात नको. त्यातले साधारण दोन तृतीयांश न्यूझीलंडमध्येच जन्मलेत, बरेचसे ऑकलंडचे. शिवाय कुक बेटं, नियुए आणि टोकेलाऊचे लोक न्यूझीलंडचेच नागरिक. नियुए बेटावर आज धड दोन हजार माणसं नाहीत आणि न्यूझीलंडमध्ये स्वतःला नियुअन म्हणवणारे २०१८ सालीच ३०,८६७ होते! स्थलांतरित कोणाला म्हणणार?

रानजाई: मग 'पॅसिफिकवंशीय'?

खडीसाखर: कानाला बरा लागतो, पण वंश म्हटला की न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरीही आले. तेही पॉलिनेशियनच, म्हणजे सामोआ-टोंगावाल्यांच्याच कुळातले, मोजतात मात्र वेगळे. आणि फिजीचे भारतीय? गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, नातवंडं-पतवंडं, पिढ्यान्‌पिढ्या फिजीत काढलेली, पण कोष्टकात जातात 'आशियाई' रकान्यात, भारतीयांच्या पोटात. त्यातल्या अनेकांना हे पटत नाही, आणि मला तरी त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. तिथे रक्त तपासत नाहीत, माणूस स्वतःला काय म्हणवतो ते लिहून घेतात.

फुटपट्टी: म्हणून 'पॅसिफिक समुदाय' बरा, आणि तोही अनेकवचनी. 'जमाती' लिहू नका, आपल्याकडे त्याला अनुसूचीचा वास येतो. आणखी एक, एकच माणूस सामोअनही लिहू शकतो, माओरीही. तो दोन्हीकडे मोजला जातो. त्यामुळे सगळ्या गटांच्या टक्क्यांची बेरीज शंभरावर जाते. ते वर्तुळाचे तुकडे पाडून दाखवायच्या भानगडीत पडू नका.

रानजाई: बरं झालं सांगितलंत, तेच करणार होते. आणि 'मीडियन एज'? या गटाचं २४.९, देशाचं ३८.१. मी 'सरासरी वय' लिहिलंय.

खडीसाखर: सरासरी नव्हे, मध्यक. शाळेच्या गणितात आहे की! पण वर्तमानपत्रासाठी असेल तर तोही शब्द टाळा. 'निम्मे लोक पंचविशीच्या आतले' एवढं लिहा, कोणालाही कळेल.