मुलगा गाण्याबरोबर 'तो' शब्द म्हणतो. थांबवायचं का?

वाटसरू_एडिसन
शनिवारी सॉकरच्या सरावावरून चार पोरांना घरी सोडत होतो, कारपूलमध्ये माझी पाळी होती. फोन माझ्या मुलाच्या ताब्यात (वय १५) आणि गाडीत अमेरिकन रॅपर केंड्रिक लमार. मला त्यातलं निम्मं कळत नाही, पण ठेका आवडतो, म्हणून मी गप्प असतो. एका ओळीत एन-वर्ड (काळ्या लोकांना हिणवायला वापरली जाणारी शिवी) आला आणि तीन पोरं एका सुरात ओरडली: माझा, एक गुजराती, एक तेलुगू. चौथा, ज्याच्या आजा-पणज्यांनी तो शब्द झेललाय, तो तेवढ्या एका शब्दाला थांबला. पुढच्या ओळीला पुन्हा म्हणायला लागला. मी आरशातून पाहिलं.

घरी आल्यावर मुलाला म्हटलं, हा शब्द तुझ्या तोंडी नको. तो म्हणाला, "बाबा, तो गाण्यात आहे. मी कुणाला म्हणालो का? आणि त्याला काही वाटत नाही, तूच उगाच वाढवतोयस." बायकोचंही मत साधारण हेच.

माझं मत असं, की ज्यांना हा शब्द शिवी म्हणून ऐकावा लागला, त्यांनी त्याचं काय करायचं ते ठरवावं. आपण तेवढ्यापुरतं तोंड मिटावं. तुम्हाला काय वाटतं?

फटकळ
पंगतीला बोलवायचं, पान वाढायचं आणि मग म्हणायचं, आमटीला हात लावू नका! २०१८ साली अलाबामातल्या एका महोत्सवात याच केंड्रिकने एका गोऱ्या मुलीला स्टेजवर घेतलं, हातात माइक दिला. तिने गाणं होतं तसं म्हटलं, तर मध्येच थांबवून भर गर्दीत तिची कानउघाडणी. शब्द लिहिला कुणी? विकला कुणी? त्याच वर्षी या गृहस्थांना पुलित्झर मिळालं, शास्त्रीय आणि जॅझ सोडून दुसऱ्या संगीताला पहिल्यांदाच. म्हणजे ही कला आहे, हे जगाने मान्य केलं. मग कलेला कलेसारखं वागवा की.

आणि त्यांच्यातही एकमत कुठाय? एनएएसीपी या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने २००७ साली डेट्रॉइटमध्ये शवपेटी, घोडे असा थाट करून या शब्दाची अंत्ययात्रा काढली होती. विनोदवीर रिचर्ड प्रायरची अर्धी कारकीर्द या शब्दावर झाली. १९७९ मध्ये तो केनियाला जाऊन आला आणि त्याने हा शब्द सोडला. शब्द वाईट असेल तर सगळ्यांनाच वाईट. कातडीचा रंग पाहून व्याकरण बदलत नाही.

निळी_शाई
फटकळ, प्रायरने सोडला तो त्याचा स्वतःचा शब्द. त्याला एखाद्या गोऱ्या माणसाने सोडायला लावला नव्हता.

माझा अनुभव सांगते. कॉलेजच्या गॅदरिंगला वर्गातल्या एका मुलाने नामदेव ढसाळांची कविता म्हटली. कवितेत आमच्या जातीचं नाव येतं, ते त्याने असं काही घोळवून म्हटलं की मागच्या रांगांतून हशा आला. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं त्याने. तक्रार करणार कशाची? हीच कविता माझे वडील घरी मोठ्याने म्हणायचे, तेव्हा आजी भाकरी थापता थापता थांबायची. एकच शब्द. एका तोंडातून आला की पाठ ताठ व्हायची, दुसऱ्यातून आला की मान खाली जायची.

फटकळ
आलीच जात! ब्रॉन्क्स आणि बारामतीचा हा बादरायण संबंध जोडल्याशिवाय इथे कुणाला चैन पडत नाही.

निळी_शाई
संबंध मी जोडलेला नाही. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी तिथले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, तिथले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज देत होते त्याची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत पोरांनी दलित पँथर ही संघटना काढली, तिला नाव दिलं अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेवरून. या सगळ्यांना सांगा बादरायण म्हणजे काय ते.

सौ. चकली
बंदी घातलीत तर कानात इअरफोन घालून दुप्पट म्हणेल. मुलगी आहे घरात, अनुभव आहे. बाकी चालू द्या.

धारावी_बीट
काका लोक, तुम्ही एका शब्दावर अडकलात. हिप-हॉप सुरू झालं ते ११ ऑगस्ट १९७३ ला, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या १५२० सेजविक अव्हेन्यूच्या इमारतीत, खालच्या हॉलमध्ये. सिंडी कॅम्पबेलला शाळा सुरू होताना नवे कपडे हवे होते, म्हणून तिने पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क, जमैकाहून आलेला. गाण्यात नुसती ढोलकी वाजते तो तुकडा लोकांना नाचायला आवडतो, हे त्याने हेरलं आणि एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून लावून तो लांबवला. वस्तीच्या पोटातून क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे गेला होता, हजारो घरं त्यात गेली होती. आमच्याकडे पुनर्विकासाची नोटीस लागते तेव्हा हे सगळं आपोआप कळतं, कुणी शिकवावं लागत नाही.

आमच्या ग्रुपमध्येही सुरुवातीला दोघं तो शब्द टाकायचे, कडक वाटतं म्हणून. मी म्हटलं, तुझ्या गल्लीत तुला काय म्हणतात ते लिही ना. लिहिलं. ते ऐकवलं तेव्हा कुणी हसलं नाही.

दुसऱ्याचं गाणं म्हणताना मी तिथे श्वास घेतो. रॅपमध्ये श्वास घ्यायला जागाच मिळत नाही, ही आयती मिळते. मुलाला हे सांगा. उपदेशापेक्षा पटेल.

फटकळ
श्वासाचं आवडलं. तरी माझा मुद्दा तसाच आहे.

जुना जर्सीकर
मी १९७१ ला न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला आलो. १९६७ च्या दंगलीत २६ माणसं मेली होती, जळालेली दुकानं तशीच उभी होती. मराठी मंडळातल्या लोकांनी पहिला सल्ला दिला तो "कल्लूंच्या वस्तीत खोली घेऊ नकोस, आणि त्या रस्त्याने जाताना गाडीच्या काचा वर." कल्लू. हा शब्द कुठल्या रॅपरने आपल्याला शिकवला?

माझ्याकडे तेव्हा गाडीही नव्हती. प्लांटमधला एक सहकारी मला सहा महिने घरून न्यायचा, परत सोडायचा. पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. मी घरी बायकोला सांगायचो, "आज कल्लूला उशीर झाला." मला त्याचं नाव माहीत होतं.

आणखी एक. १९६५ पूर्वी अमेरिकेत स्थायिक व्हायला सगळ्या भारताला वर्षाला १०० जणांचा कोटा होता. तो उठला १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा झाला तो नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यात. आपल्या घरांचे हप्ते फिटले, त्यात त्यांनी खाल्लेल्या लाठ्यांचा वाटा आहे. हे मंडळाच्या स्मरणिकेत मी तीनदा लिहून दिलं, दोनदा 'जागेअभावी' गळलं.

फटकळ
काका, आता तुमच्याशी काय वाद घालणार. पण मग पोराला ओरडून उपयोग नाही, असंच म्हणायचंय ना तुम्हाला?

जुना जर्सीकर
पोराला सांगावं. आधी आपण काय बोलतो ते ऐकावं, एवढंच.

वाटसरू_एडिसन
काकांचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. माझी आई गेल्या उन्हाळ्यात इथे होती. तो चौथा मुलगा घरी आला की ती त्याला प्रेमाने थालीपीठ द्यायची आणि मराठीत मला विचारायची, "हा काळ्या रोज येतो का रे?" मी हसून सोडून द्यायचो, त्याला मराठी कुठे कळतं म्हणून. माझ्या मुलाला कळतं. हे लक्षात नव्हतं आलं.

काल मुलाला हे बोलून दाखवलं. श्वासाचंही सांगितलं. तो "बरं" म्हणाला, पंधराव्या वर्षी "बरं" म्हणतात तसं. आज कारपूलला गाण्यांची यादी पाहिली तर ते गाणं नव्हतं. काढायला मी सांगितलं नव्हतं. विचारलं, तर म्हणाला, "तू गाडीत असताना नको, तू आरशात बघत बसतोस."

फटकळ
म्हणजे तुम्ही नसताना चालूच आहे.

वाटसरू_एडिसन
हो.