वाघूर धरणात ‘कोकनी’ मासा सोडता येईल का?

गळवाला_जळगाव
भाचा अमेरिकेत, आयडाहोत असतो. गेल्या उन्हाळ्यात गेलो होतो, तर बॉयझीजवळच्या लकी पीक धरणावर पहाटेच बोटीत बसवलं. म्हणे, मामा, आज कोकनी धरू. मला वाटलं कोकणातलं काहीतरी, बोंबील वगैरे. निघाला दीड वितीचा, चांदीसारखा सामन, म्हणजे सॅल्मन! गळाला गुलाबी प्लास्टिकची झालर आणि टोकाला पांढऱ्या मक्याचा एक दाणा. तोंड इतकं मऊ की जरा हिसका दिला की फाटून सुटतो. मी तीन असेच घालवले, चौथा बोटीत आला.

तिथलं मत्स्यखातं त्याचं बीज खास गळवाल्यांसाठी धरणात सोडतं, लायसनच्या पैशातून. इथे आलो, रविवारी वाघूरला बसलो, आणि दुपारपर्यंत काय तर सात चिलाप्या, बोटाएवढ्या. आपल्याकडे कोकनीचं बीज आणून सोडता येईल का? कोणाला भेटावं? टवाळी केली तरी चालेल, पण कारण सांगा.

शिरपूरकर
बाकीचं नंतर, आधी सांगा कालवणाला कसा लागतो?

गळवाला_जळगाव
भाच्याने लिंबू लावून भाजला. मी वरून घरचा काळा मसाला टाकला, मग जेवलो.

तापीकाठचा_भोई
दादा, टवाळी नाही करत. मासे आमचा पिढीजात धंदा, वर मी २६ वर्षं मत्स्यबीज केंद्रावर काढली.

पहिली अडचण पाण्याची. हा मासा १० ते १३ अंशांच्या पाण्यात रमतो. मागे मे महिन्यात मी थर्मामीटर दोरीला बांधून वाघूरमध्ये सोडला होता. सकाळी नऊची वेळ. वर ३१, चार पुरुष खाली २७. तिकडे ऊन तापलं की कोकनी गारव्याला खोल जातो. आपल्या तळाला गारवा नाही, आणि उन्हाळ्यात तळाशी प्राणवायूचीही ओढाताण. बिचारा जाणार कुठे?

दुसरं, परदेशी जिवंत मासा केंद्राच्या परवानगीशिवाय आणता येत नाही, आणि तेच बरं. तुमच्या गळाला लागते ती चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली. अंगाने भरायच्या आत अंड्यावर येते, तळ्यात गर्दी करते, मग सगळी बोटाएवढीच राहतात. आफ्रिकेच्या मांगूर माशावरही बंदी आहे, तरी बाजारात दिसतोच.

आता कामाचं. कोकनी पाण्यातले बारीक जीव, प्राणीप्लवंग, खातो. आपल्याकडे हेच काम कटला करतो. वर वळलेलं तोंड बघा त्याचं, वरच्या थरात चरायलाच घडलंय. पण कटला साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाही, त्याला पुराची वाहती नदी लागते. पूर्वी बीज नदीतून गोळा करत. १९५७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओडिशात पियूषिकेच्या, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीच्या, अर्काचं इंजेक्शन देऊन मासे अंड्यावर आणले, तेव्हापासून आमची केंद्रं चालतात. त्यामुळे कटलाही दरवर्षी सोडावाच लागतो, तुमच्या कोकनीसारखा.

आणि सोडण्यातच सगळी माती होते. एका वर्षी एका तलावावर बीज दुपारी दोनला आलं. टेम्पोत ताडपत्रीखाली ऑक्सिजनच्या पिशव्या, हात लावला तर गरम. आणणाऱ्याला सही घेऊन पळायची घाई. पिशव्या फोडल्या आणि धडाधड ओतल्या. अर्ध्या तासात काठाने पांढरा पट्टा, त्यावर बगळे. कागदावर मात्र सगळं बीज तलावात जिवंत गेलं. खरं म्हणजे संध्याकाळी, बंद पिशवी आधी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची. मग तोंड उघडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं आणि पिशवी आडवी धरायची. मासा आपणहून निघतो. ओतायचा नसतो तो.

जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, सोडू नका, शिवडा-मरळसारख्या शिकारी माशांना फराळ होतो. चार बोटं लांबीची बोटुकली घ्या. भेटायचं म्हणाल तर ज्या मच्छीमार संस्थेकडे धरणातल्या मासेमारीचा ठेका असेल तिच्या अध्यक्षांना. बीज सभासदांच्या पैशाचं असतं दादा, तुम्ही गळ टाकता ते त्यातच.

अमळनेरचा_पक्या
मी मोंटानात, फ्लॅटहेड तलावाजवळ राहतो. इथे कोकनी १९१६ मध्ये आणून सोडला होता, दणकून वाढला. पुढे माशांना खाऊ व्हावा म्हणून वरच्या तळ्यांत बारीक झिंगी सोडली. ती वाहत १९८१ च्या सुमारास फ्लॅटहेडमध्ये उतरली. दिवसा तळाशी दडते, रात्री वर येते. कोकनी दिवसा वर खातो, म्हणजे झिंगी त्याला सापडायची नाही, आणि त्याचे प्लवंग मात्र ती फस्त करायची. दहा वर्षांच्या आत कोकनी संपला. इथल्या मॅकडोनल्ड ओढ्यावर अंडी घालून मरणाऱ्या कोकनीवर १९८१ च्या हिवाळ्यात सहाशेवर गरुड मोजले होते. मासा गेला, तसे तेही यायचे बंद झाले. माझ्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने ते गरुड पाहिलेत, मी फक्त फोटो.

गळवाला_जळगाव
कोकनीचा नाद सोडला. काल संस्थेच्या अध्यक्षांकडे जाऊन आलो. आधी म्हणाले, गळवाले फक्त न्यायला येतात. कटल्याच्या बोटुकलीच्या चार पिशव्या आमच्या मंडळाकडून देतो म्हटल्यावर चहा आला. भोई भाऊ, जुलैतच सोडू का? पहिल्या पावसात?

तापीकाठचा_भोई
जुलैत चार बोटांची बोटुकली मिळायची नाही. आणि मिळाली तरी धरण भरून गेट बंद झाल्यावर सोडा, सप्टेंबर संपता संपता. आधी सोडलीत तर सांडव्यावरून निघून तापीला लागतील. तिथे आमची जाळी आहेत. मला चालेल.