खानापूर: पश्चिमेच्या दाराची रबरी पट्टी बदलायची आहे, माप कोणतं धरू?

नमस्कार मंडळी. घर खानापुरात, पुढचं दार सागवानी आणि तोंड नेमकं पश्चिमेला. जांबोटीकडून पाऊस चढला की झड थेट दारावर. चौकटीच्या खाचेतली रबरी पट्टी पार कडक झालीय. नखाने दाबली तर दबत नाही, चिरते. बिजागरीकडचा खालचा वीतभर तुकडा कधीच गळून गेलाय.

दारात कागद धरून ओढून बघितला. वर अडकतो, कडीच्या बाजूने सुळकन निघतो. मग कणकेचा गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून फटीत ठेवला, दार लावलं आणि चपटा गोळा मोजपट्टीने मोजला: वर 3 मिमी, कडीकडे 5.

पण हे माप मे महिन्यातलं. जुलैत दार असं फुगतं की खांदा लावून ढकलावं लागतं. आता जाड पट्टी लावली आणि पावसात लॅचच लागलं नाही तर? सुतार म्हणतो, कडेला रंधा मारू. मला भीती, उन्हाळ्यात फट अजून वाढेल. खडेबाजारात फोमची टेप स्वस्त मिळते, ती टिकेल का?

उत्तर: ओ, तुम्ही दोन फटी एक करताय की. लाकूड फुगतं ते रुंदीत, जाडीत फारच थोडं. दार घासतं ते कडेला, पट्टी दबते ती दाराच्या पाठीमागे. त्यामुळे सुताराचं खरं आहे: जिथं घासतंय तिथंच हलका रंधा मारा, पट्टीच्या फटीला काही होत नाही. रंधलेल्या कडेला लगेच रंग किंवा पॉलिश द्या. दाराच्या वरच्या-खालच्या कडा बहुतेक कोऱ्याच असतात, ओल तिथूनच शिरते, त्याही रंगवा.

पट्टी ईपीडीएम रबराची (ऊन-पावसात टिकणारं कृत्रिम रबर), डी आकाराची, आतून पोकळ घ्या. 3 ते 5 मिमीला चालते, 3 वर दबते, 5 वर फुगून बसते. फोम झडीच्या दाराला नको, पाणी धरतो. जुना गोंद खरवडून काढा, लाकूड कोरडं करून मगच चिकटवा, म्हणजे पाऊस लागायच्या आधी. लावताना ताणू नका, नंतर आखडून कोपऱ्यात फट पडते.

उत्तर: उंबऱ्याकडून येणारं पाणी या पट्टीने थांबणार नाही हं. दाराच्या बाहेरून तळाला पाणी बाहेर टाकणारी तिरकी पट्टी मारा आणि उंबऱ्याचा उतार बाहेर आहे का बघा. घरात पाणी बिजागरीकडून येतं की खालून, ते सांगा.