अमेरिकन गाडी विरुद्ध युरोपियन गाडी: आकार ठरवतं कोण?

गिअरबदलू:
"गाडी बनवावी युरोपियनांनी, अमेरिकनांनी फक्त सोफ्याला चाकं लावावीत." गाडीवेड्यांच्या कुठल्याही अड्ड्यावर हे वाक्य ऐकायला मिळतंच. माझा मुद्दा असा की या भांडणात डिझायनरला नको तेवढं श्रेय आणि नको तेवढ्या शिव्या मिळतात. अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर गाडीचा आकार आधी सरकारी कागदावर ठरला, डिझायनरने त्यात रंग भरले.

हेडलाइट घ्या. 1940 पासून अमेरिकेत सीलबंद दिव्याची सक्ती होती, तोही ठरलेल्या मापाचा. 1983 मध्ये नियम सैल झाला आणि 1984 ची लिंकन मार्क सेव्हन स्वतःच्या आकाराचे दिवे घेऊन आली. मधल्या काळातली मर्सिडीज एसएल दोन्हीकडची शेजारी ठेवून बघा. जर्मनीतल्या गाडीला बॉडीत चपखल बसलेली एकसंध चौकोनी काच. अमेरिकेतल्या गाडीला त्याच जागी कोंबलेले दोन-दोन गोल दिवे. त्यात 1973 च्या मॉडेलपासून फर्मान निघालं, की ताशी 5 मैलांनी धडकली तरी गाडीचे दिवे वगैरे शाबूत राहिले पाहिजेत. झालं, त्याच देखण्या एसएलला पुढेमागे फळ्या ठोकल्यासारखे बंपर आले. ब्रिटिश एमजीबी या स्पोर्ट्स गाडीचं क्रोमचं नाक जाऊन काळं रबरी थोबाड आलं आणि उंचीचा नियम पाळायला अख्खी गाडी वर उचलावी लागली. मग ती वळणावर डुलणारच. फ्रेंच सिट्रोएनच्या एसएमने तर 1974 मध्ये अमेरिकेला रामरामच ठोकला. यात डिझायनरचं काय चुकलं?

श्टुटगार्टचा पाहुणा:
धागा वाचनीय, निष्कर्ष साफ अमान्य. हेच दिवे आणि हेच बंपर होंडा-टोयोटालाही लावावे लागले ना? 1973 च्या तेलसंकटानंतर सिव्हिक आणि कोरोला त्याच नियमांत राहून, अमेरिकन गाड्यांचं माहेर असलेल्या डेट्रॉइटच्या नाकावर टिच्चून विकल्या गेल्या. नियम सगळ्यांना सारखे असतील तर कायद्यावर खापर फोडता येत नाही.

आणि फोक्सवॅगनच्या गोल्फचं काय केलंत अमेरिकेत? इटालियन डिझायनर ज्युजारोने आखलेली नेटकी गाडी. तिथे तिचं नाव रॅबिट. 1978 मध्ये फोक्सवॅगनने पेनसिल्व्हेनियात वेस्टमोरलँडला कारखाना काढला आणि जनरल मोटर्समध्ये मुरलेला माणूस वर बसवला. अमेरिकन गिऱ्हाइकाला मऊमऊ लागतं म्हणून सस्पेन्शन ढिलं केलं, आतलं सगळं एका रंगात रंगवून टाकलं. गाडीचा जीवच गेला. हे कुठल्या कायद्यात लिहिलं होतं? पुढे 1983 च्या मॉडेलला त्याच कारखान्यातून कडक सस्पेन्शनची रॅबिट जीटीआय काढली, तेव्हा कुठे वाहवा झाली. 1988 मध्ये कारखान्याला टाळं. गिऱ्हाइकाला बावळट समजण्याची ही किंमत.

मिशिगनकर:
पाहुणे, युरोपियन डिझाइनचं हे सोवळं जरा खुंटीला टांगा. गाडी 'दिसावी कशी' यासाठी वेगळा विभागच हवा, हे मोठ्या कंपनीत पहिल्यांदा रुजवलं जनरल मोटर्सने, 1927 मध्ये, डिझायनर हार्ली अर्लच्या हाताखाली. विमानावरून सुचलेले शेपटीचे पंख 1948 च्या कॅडिलॅकला आले. आणि 1959 मध्ये मर्सिडीजने काय काढलं? पंखवाली सेडान! छोटेखानी पंख, पण पंखच. 1960 च्या शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या कमरेची रेघ जर्मन एनएसयू प्रिन्झवर जशीच्या तशी दिसते. ओपेल 1929 पासून 2017 पर्यंत जनरल मोटर्सची होती, फिएस्टा आणि कॅप्री फोर्डच्या. सामान्य जर्मन कुटुंब ज्यातून सुटीला जायचं, त्यातल्या कितीतरी गाड्यांचा मालक डेट्रॉइटला बसायचा.

आता मोठ्या गाड्यांबद्दल. इथे पेट्रोलवरचा केंद्रीय कर 1993 पासून गॅलनला (सुमारे 3.8 लिटरला) 18.4 सेंट आहे. राज्यांचा कर वेगळा, पण तोही फार नाही. युरोपीय संघात किमान करच लिटरला जवळपास 36 युरोसेंट, म्हणजे गॅलनमागे सव्वा युरोच्या वर. त्यात इथली अंतरं, हिवाळा, मागे जोडलेली बोट. फोर्डची एफ-सीरिज पिकअप चार दशकं खपात वरचढ आहे, ती काय लोकांना अक्कल नाही म्हणून?

गिअरबदलू:
@मिशिगनकर, तुम्ही माझीच बाजू मांडताय. कर म्हणजे कायदाच की! इटलीत दोन लिटरच्या वरच्या इंजिनावर जबर कर होता, म्हणून खुद्द फेरारीला 208 नावाची दोन लिटरची गाडी काढावी लागली. फेरारीला!

@पाहुणे, जपान्यांचा मुद्दा वजनदार आहे, पण तो मोटारींपुरता. पिकअप-व्हॅनकडे या. साठच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर बसवला. डिसेंबर 1963 मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी उट्टं काढलं आणि हलक्या मालवाहू गाड्यांवर 25 टक्के आयातकर लावला. रोख होता फोक्सवॅगनच्या व्हॅनवर. कोंबडीचं भांडण कधीच मिटलं, कर मात्र ठाण मांडून बसलाय, आणि त्याच्या भिंतीआड डेट्रॉइटचे पिकअप पोसले गेले.

गंमत पुढेच आहे. फोर्डने तुर्कस्तानात बनवलेल्या ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन मागे सीट बसवून अमेरिकेत आणल्या, कारण तेव्हा प्रवासी गाडीवर कर फक्त अडीच टक्के होता. मागच्या सीटला हेडरेस्ट नाही, कापड हलक्यातलं. जकात पार झाली की बाल्टिमोरमध्ये त्याच सीट उखडायच्या आणि गाडी मालवाहू म्हणून विकायची. 2024 मध्ये हे प्रकरण 36.5 कोटी डॉलर भरून मिटवावं लागलं. जर्मनांसाठी लावलेल्या सापळ्यात फोर्डचाच पाय!

कुर्ला पश्चिम:
कायदा-डिझायनर राहू द्या बाजूला, खिसा बघा. ही कुस्ती आपल्या कुर्ल्यातच झाली आहे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअरने सुरुवात केली क्रायसलरबरोबर, म्हणजे डॉज, प्लिमथ. नंतर त्याच कंपनीने फियाट धरली. जुन्या मुंबईकरांना विचारा, टॅक्सीत आख्खं कुटुंब मावायचं ते डॉज-प्लिमथमध्येच. पण टॅक्सीवाल्याला परवडली इटालियन फियाट, आणि तीच पुढे पद्मिनी होऊन 2023 पर्यंत रस्त्यावर राहिली. टॅक्सीवाल्याला ना पंख दिसत होते, ना बंपर.

गिअरबदलू:
कुर्लेकर, 1953 विसरलात. भारत सरकारच्या टॅरिफ कमिशनचा निकाल: गाडी इथे बनवण्याचा कार्यक्रम दाखवा, नुसती जुळणी करणार असाल तर चालू पडा. शिवडीला 1928 पासून जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने 1954 मध्ये गाशा गुंडाळला. टॅक्सीवाल्याने निवड केली खरी, पण ताटात काय वाढायचं ते दिल्लीत ठरलं होतं.

एक शंका:
मग टेस्ला कशात बसवायची? 2023 मध्ये युरोपात सर्वाधिक खपलेली गाडी मॉडेल वाय होती. पंख नाहीत, सोफा नाही, व्ही-एट इंजिन नाही.

श्टुटगार्टचा पाहुणा:
तीत अमेरिकन काय आहे तेच शोधावं लागतं. युरोपात विकलेल्या बऱ्याच गाड्या शांघाय आणि बर्लिनजवळच्या ग्र्युनहाइडमधून आल्या. पण तुमचा प्रश्न माझ्याच पथ्यावर पडतो. गाडी चांगली असली की कायदा आड येत नाही.

आणि @गिअरबदलू, कायद्याने पिकअपला जन्म दिला हे अर्धसत्य आहे. अमेरिकेच्या 1975 च्या इंधन-बचत कायद्यात ट्रकला सवलत होती ती शेतकरी-सुताराच्या कामाच्या गाडीसाठी. कंपन्यांनी त्या फटीतून एसयूव्हीचा हत्ती बाहेर काढला. क्रायसलरची पीटी क्रूझर आठवते? ते गुटगुटीत हॅचबॅकही इंधनाच्या हिशेबात 'ट्रक' होतं. पळवाट सरकारने ठेवली, पण पळाल्या त्या कंपन्याच.

मिशिगनकर:
पळण्यात तुम्हीही मागे नाही. डिझेलला करसवलत देऊन अर्धा युरोप डिझेलवर नेलात, आणि डिझेलच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडची खोटी चाचणी पकडली कुणी? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पोरांनी, डिकीत उपकरणं ठेवून रस्त्यावर गाडी पळवून. 2015 मध्ये फोक्सवॅगनला जगभरच्या 1 कोटी 10 लाख गाड्यांत चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर असल्याची कबुली द्यावी लागली. शिवाय तुमच्या श्टुटगार्टात उभ्या असलेल्या बीएमडब्ल्यू एक्स-5 दक्षिण कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गहून येतात. अमेरिकन आकार एवढा खुपतो तर घेतं कोण त्या?

श्टुटगार्टचा पाहुणा:
डिझेलचं पाप माझ्या माथी मारू नका, मी पेट्रोलवाला! एक्स-5 मलाही डोईजड वाटते. पण एक फरक आहे. इथे विकायची तर लहान मुलाच्या डोक्याच्या वजनाचा गोळा बॉनेटवर आदळून बघतात. एक्स-5 त्या चाचणीतून आली आहे. तुमच्याकडे अशी सक्तीची चाचणीच नाही. अमेरिकन रॅम कंपनीचे पिकअप इथे येतात ते एकेका गाडीची वेगळी मंजुरी काढून, जिथे कसोट्या सौम्य असतात. टेस्लाच्या सायबरट्रक पिकअपला तर युरोपीय संघाची सर्वसाधारण मंजुरीच नाही. आणि ऑगस्ट 2025 च्या संयुक्त निवेदनात अमेरिका आणि युरोपीय संघ म्हणतात, एकमेकांची वाहनमानकं मान्य करू. त्याच निवेदनात ठरलं, की आमच्या गाड्यांवर अमेरिकेत साडेसत्तावीसऐवजी पंधरा टक्के कर. तुमच्याकडे पादचाऱ्याच्या डोक्याचं मानकच नसेल तर आम्ही मान्य काय करायचं?