पोस्टग्रेसमध्ये सिलेक्ट न लिहिताच क्वेरी चालली, हे काऊन?

काटावाला_वणी:
राम राम मंडळी. जिनिंगच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मीच पाहतो, डेटाबेस पोस्टग्रेस १५ आहे. काल रात्री लाइनचा खेळ चालू होता, घाईघाईत पीएल/पीजीएसक्यूएलचं (पोस्टग्रेसची फंक्शन लिहायची भाषा) फंक्शन लिहिलं आन् सिलेक्ट-इनटू, म्हणजे टेबलातून किंमत काढून व्हेरिएबलमध्ये टाकायची कमांड, टाकायचंच राहून गेलं. गाडीचं रिकामं वजन (खाली वजन) काढायचं होतं. ओळ अशी झाली:

खाली := खाली_वजन फ्रॉम काटा व्हेअर गाडी = नंबर;

आन् हे चाललं ना बावा! वजनही बरोबर आलं. आधी ऑरॅकल डेटाबेसवर होतो, तिथं हे कंपाइलच नसतं झालं. बग आहे का हा?

पारावरचा_डीबीए:
बग नाही भाऊ. := च्या उजवीकडं जे असते ते पीएल/पीजीएसक्यूएल स्वतः सोडवत नाही, त्याच्यापुढं सिलेक्ट लावून मेन इंजिनकडं पाठवते, म्हणून फ्रॉम, व्हेअर सगळं खपते. इफ काउंट(*) > 0 फ्रॉम काटा देन, हेही चालते, करून पाय. := ऐवजी नुसतं = लावलं तरी चालते, ते तर डॉक्युमेंटेशनमध्येच लिहून आहे.

सोयाबीन_कोडर:
चालते म्हणून लिहू नको राजा, उद्या दुसरा कोणी वाचंन तर डोकं धरून बसंन. सरळ सिलेक्ट इनटू लिही.

पारावरचा_डीबीए:
वाचायला वंगाळ आहे, मान्य. पण गंमत अशी की इथं हीच ओळ जास्त कडक आहे. दोन रो (टेबलातल्या नोंदी) आल्या तर एरर देते. साधं सिलेक्ट इनटू मात्र गुपचूप पहिली रो उचलते, आन् ऑर्डर बाय नसंन तर पहिली कोणती याचाही भरोसा नाही. ऑरॅकलसारखं पाहिजे तर इनटू स्ट्रिक्ट लिही, मंग एकही रो नसली तरी एरर येते. तुझ्या ओळीत रो नसली तर नल (म्हणजे किंमतच नाही) येऊन बसते, तेवढं सांभाळ. आन् पोस्टग्रेस १२ पासून एक्स्ट्रा_वॉर्निंग्ज या सेटिंगमध्ये टू_मेनी_रोज लावता येते, मंग इनटूत जास्त रो आल्या की वॉर्निंग येते, टेस्टिंगला लावून ठेव.

काटावाला_वणी:
आता समजलं! जुन्या फंक्शनमध्ये साधं इनटू होतं, आन् एकाच ट्रॅक्टरच्या दिवसात दोन खेपा झाल्या की दुसऱ्या चिठ्ठीवर पहिल्याच खेपेचं खाली वजन छापून यायचं. सकाळी ट्रॉलीत ताडपत्री, दुपारी नाही, त्याच्यावरून शेतकरी भांडून गेला होता आन् मी काट्याले दोष देत होतो. व्हेअरमध्ये खेप नंबर टाकला, इनटू स्ट्रिक्ट केलं. जुन्या चिठ्ठ्या आता हातानं तपासत बसलोय.