कार्बन स्टीलच्या चाकूवरचा काळा रंग घासून काढू की राहू देऊ? सल्ला हवा

खटपट्या (धागाकर्ता)
आजोबांचा खिशातला चाकू जुन्या डब्यात सापडला. दोन पाती, हाडाची मूठ, दोन्ही टोकांना निकल सिल्व्हरच्या (तांबं, निकल, जस्ताचा मिश्रधातू) टोप्या. मोठं पातं मधोमध निळसर करडं, बुडाशी जवळजवळ काळं आणि टोकाकडे नखाएवढा तपकिरी डाग. बुडाशी शिक्का आहे, पण अर्धाच वाचता येतो. धार पार गेली आहे. उघडताना येणारा ‘टक्’ आवाज मात्र अजून खणखणीत.

मित्राकडे बफिंगचं चाक आहे (धातू चकचकीत करायचं विजेवर फिरणारं कापडी चाक). म्हणतो, दहा मिनिटांत आरसा करून देतो. भाऊ म्हणतो, हात लावू नकोस, तो पॅटिना आहे, म्हणजे वापरातून चढलेला काळपट थर. मला चाकू कपाटात ठेवायचा नाहीये, रोज वापरायचाय. सध्या माझा कौल ६०-४० घासण्याच्या बाजूने. काय करू?

चकाकी
घासा हो बिनधास्त. माझ्याकडे ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा ८ नंबरचा घडीचा चाकू आहे, कार्बनवाला. महिन्यातून एकदा पॉलिशची पेस्ट लावून हाताने घासतो आणि त्यात तोंड बघतो. पॅटिना हे आळसाला दिलेलं गोंडस नाव आहे, असं माझं स्पष्ट मत. (आता शिव्या येतीलच.)

रंधा
खटपट्या, आधी मित्राला थांबवा. हाताने पॉलिश करायचं की नाही यावर वाद घालता येईल, चाकाबद्दल वादच नाही.

तुम्हाला तो अर्धा शिक्का वाचायचाय ना? चाकावर तो पहिल्या मिनिटातच पुसला जाईल. जुना चाकू कुणी आणि साधारण केव्हा बनवला हे बहुतेक वेळा त्या शिक्क्यावरूनच कळतं. जमवणारे लोक बफ केलेला जुना चाकू हातात घेऊन निमूट खाली ठेवतात, ते त्यासाठीच. नख अडकवायची खाच आणि पात्याच्या कडाही गुळगुळीत होतात, मग पातं चोखलेल्या गोळीसारखं दिसायला लागतं.

त्याहून वाईट म्हणजे उष्णता. असल्या पात्याला पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम गार करून कडक केल्यावर, साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास टेम्पर करतात (ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा तापवतात). धारेकडचा भाग कागदासारखा पातळ असतो, चाकाखाली तो बघता बघता त्याच्या वर जातो. पिवळट झाक दिसली की २२० च्या पुढे गेलात, निळी दिसली की ३०० च्या जवळ. तेवढ्या भागाचं पाणी उतरलं म्हणून समजा. कितीही धार लावा, दोन दिवसांत बसणार.

आणि चाक पातं हिसकावून घेतं. कुठे भिरकावेल ते सांगता येत नाही. मी हातमोज्यावर निभावलो, एवढंच सांगतो.

लोहभस्म
रंधा यांच्याशी सहमत. थोडं रसायनशास्त्र सांगते, कारण सगळा गोंधळ ‘काळं म्हणजे गंज’ या समजातून होतो.

तांबडा गंज म्हणजे पाणी धरून बसलेला लोहाचा ऑक्साइड. मूळ लोखंडापेक्षा तो जास्त जागा व्यापतो, त्यामुळे फुगतो, पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. म्हणून तो थांबत नाही, खड्डा पाडत आत जातो. काळा ऑक्साइड मॅग्नेटाइट जातीचा, तो घट्ट चिकटून बसतो. फळं-कांदे कापून येणाऱ्या निळ्या-करड्या रंगात ऑक्साइडबरोबर लोहाचे इतर क्षारही असतात. सफरचंद किंवा चहातल्या टॅनिनने तर सरळ निळंकाळं लोह टॅनेट बनतं. युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांची शाई याच प्रक्रियेची. तुमच्या पात्यावर आजोबांनी काय काय कापलं त्याची नोंदच आहे म्हणा!

स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याचा अदृश्य थर पात्याला राखतो. १०९५ सारख्या साध्या कार्बन स्टीलमध्ये सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो आणि क्रोमियम जवळपास नाहीच. तिथे पॅटिना हीच काय ती राखण. पण ती तोकडी आहे. गंजाचा वेग कमी करते, बंद करत नाही. घामातल्या मिठापुढे तर तिचं फारसं चालत नाही.

परीक्षा सोपी आहे: पांढऱ्या कपड्यावर तेलाचे दोन थेंब घेऊन पातं पुसा. कपडा तांबूस झाला तर गंज, तो काढायचाच. नुसता करडा डाग आला तर राहू द्या.

चकाकी
@लोहभस्म, हे सगळं मान्य. पण गुळगुळीत पात्यावर पाणी अडकायला खाचाखोचा नसतात, त्यामुळे तेही कमी गंजतं. हे कुणी सांगतच नाही.

रंधा
बरोबर आहे, हा मुद्दा द्यायलाच हवा. फक्त तुम्ही दर महिन्याला घासता म्हणून ते जमतं. दोन महिने प्रवासाला जा आणि मग आरसा दाखवा. 😄

पाचर
पॅटिना मुद्दाम आणायच्या मागे लागणाऱ्यांसाठी माझी फजिती. कुठेतरी वाचून मी अख्खा घडीचा चाकू कोमट व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवला. सकाळी पातं सुरेख काळं! पण धार आम्लाने खाल्लेली, बोट फिरवलं तर करवतीसारखी खरखर. व्हिनेगर सांध्यात शिरलं होतं ते वेगळंच. चौथ्या दिवशी चाकू उघडेना. आतली स्प्रिंग गंजली होती, आणि रिव्हेट ठोकलेला चाकू घरी खोलून साफ करता येत नाही.

आता असं करते: पातं स्पिरिटने पुसून तेलकटपणा घालवायचा, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी येतो. मग व्हिनेगरमध्ये भिजवलेला टिशू फक्त पात्यावर गुंडाळायचा, सांध्यापासून बोटभर लांब. पंधरा-वीस मिनिटं बास. धुवायचं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचं, पूर्ण कोरडं करून तेल. धार शेवटी लावायची. धारेवर पॅटिना तसाही टिकत नाही, दर वेळी दगडावर नवं चकचकीत लोखंड उघडं पडतं. म्हणून पॅटिनावाल्यांनीही धार पुसून ठेवायलाच हवी.

अर्थात तुमच्या पात्यावर तो आहेच. त्याला मुद्दाम काही करू नका.

सांजवात
मूठ नक्की हाडाचीच आहे का? जुन्या चाकूंना सेल्युलॉइडच्या (एक जुन्या काळचं प्लास्टिक) मुठी असायच्या. ते सडायला लागलं की नायट्रोजनच्या ऑक्साइडची वाफ सोडतं आणि पाती मिटलेल्या चाकूतच गंजतात, शेजारचे चाकूही नासतात. कापरासारखा किंवा आंबट वास, मुठीला बारीक भेगा, अशी लक्षणं. तसं असेल तर पातं कितीही घासा, पुन्हा गंजणार. चाकू वेगळा, मोकळ्या हवेत ठेवावा लागेल. आणि विस्तवापासून लांब, सेल्युलॉइड भडकन पेटतं.

खटपट्या (धागाकर्ता)
@सांजवात, भिंगातून पाहिलं. बारीक काळी छिद्रं दिसतात, वास नाही. म्हणजे हाडच ना?

मित्राला नाही म्हणून कळवलंय, तो रुसलाय. कपड्याची परीक्षा केली: मधला भाग करडा, टोकाचा डाग तांबूस. तेवढाच काढायला काय वापरू? घरात १००० नंबरचा वॉटर पेपर आहे.

सांजवात
हो, छिद्रं म्हणजे हाड. निर्धास्त राहा.

रंधा
पेपर नको, आजूबाजूचा रंगही जाईल. डागावर तेल टाकून रात्रभर ठेवा. सकाळी पितळेच्या किंवा तांब्याच्या पट्टीच्या कडेने खरवडा. पाणी दिलेल्या पोलादापेक्षा ते मऊ असतं, त्यामुळे गंज सुटतो आणि पात्यावर ओरखडा येत नाही. उरलंसुरलं ०००० नंबरच्या स्टील वूलने, तेल लावून, हलक्या हाताने. टोप्यांवर आधी चिकटपट्टी लावा, निकल सिल्व्हरला लगेच रेघा पडतात. वूलचे तुकडे सांध्यात राहिले तर तेच गंजतात, म्हणून शेवटी तेल सोडून पातं दहा वेळा उघडमीट करा आणि बाहेर येणारा काळा मळ पुसत राहा.

तेल खाद्यप्रतीचं मिनरल ऑइल घ्या. स्वयंपाकाची बहुतेक तेलं काही महिन्यांत चिकट होतात. आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं.

खटपट्या (धागाकर्ता)
आठवड्यानंतर अपडेट. डाग गेला. खाली टाचणीच्या टोकाएवढे तीन खड्डे निघाले, ते तसेच ठेवलेत. मळ निघाल्यावर शिक्क्यातली आणखी चार अक्षरं दिसली. शेवटचं अजून लागत नाही.

मोठं पातं काळंच ठेवलं, धार लावली, परवा सफरचंदं कापली. धारेलगत नवी निळी रेघ उमटली आहे. धाकट्या पात्यावर ना नीट रंग होता ना शिक्का, ते हाताने पेस्ट लावून घासलं. @चकाकी, तोंड दिसतंय, जरा वाकडं.

चकाकी
वाकडं पात्यामुळे की मुळातच? 😄 फोटो टाका.